सेप्सिसच्या उपचारांवरच्या ट्रायल : आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली जिल्ह्यातले पेशंट तर येतातच, शिवाय सोलापूर, कोल्हापूर आणि अथणी-चिकोडीकडचेही येतात. त्यातले बरेच जण गंभीर इन्फेक्शन घेऊन, रात्री-अपरात्री. आयसीयूमधल्या ट्रायलबद्दल, म्हणजे उपचार पेशंटवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासांबद्दल, नातेवाइकांशी बोलणं हे माझं काम. समोर संमतीचा कागद आला की माणसं जे विचारतात, आणि मनात असूनही विचारत नाहीत, ते इथं लिहिलं आहे. बाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचता येईल अशा बेतानं.

डॉक्टर म्हणाले, 'सेप्सिस झालाय'. म्हणजे नेमकं काय?

इन्फेक्शन कुठंही सुरू होतं: फुप्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात, पायाच्या जखमेत. एरवी शरीर त्या जंतूंना तिथल्या तिथं आवरतं. सेप्सिसमध्ये शरीराचा प्रतिकारच भलत्या वाटेला लागतो आणि त्याचा मार स्वतःच्याच मूत्रपिंडांना, फुप्फुसांना, मेंदूला बसतो. बीपी उतरतं, लघवी कमी होते, धाप लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. सलाइन भरूनही बीपी टिकत नसेल आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप लावावा लागला, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

'जंतू रक्तात गेले' असं सगळेच म्हणतात, पण रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) जंतू न सापडताही सेप्सिस असू शकतो. म्हणून कल्चरचा रिपोर्ट निल आला की लगेच 'चुकीचं निदान केलं' असं समजू नका. २०१७ सालच्या आकड्यांवर आधारलेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागं साधारण एक.

आमच्या घरात कुणाला असं कधी झालं नाही. मग हे आलं कुठून?

सेप्सिस घराण्यातून येत नाही. आपल्याकडची कारणं बहुतेक वेळा रोजच्या कामातली असतात. ऊस तोडताना पायाला कोयता लागतो, बाभळीचा काटा मोडतो, टाचेच्या भेगेत शेणमाती जाते. त्यात साखर असेल तर पाय बधिर झालेला असतो, जखम दुखतच नाही, आणि हळद बांधून माणूस चार दिवस रानात जात राहतो. घरच्यांचं लक्ष जातं तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला असतो. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन आणि न्यूमोनिया, बायकांत बाळंतपणानंतरचा ताप, नवजात बाळांत दूध न ओढणं आणि अंग गार पडणं अशी सुरुवात होते.

कृष्णा-वारणेला पूर आला की लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांना आठवतात. उंदरांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून आत शिरतात. गवतात, झुडपात काम करणाऱ्यांना स्क्रब टायफसही होतो. बारीक किड्याच्या चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, बऱ्याचदा काखेत किंवा जांघेत, त्यामुळे ती राहून जाते. तशी खपली दिसली असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, आपणहून सांगा.

इतकं विज्ञान पुढं गेलं, तरी यावर एक खास औषध नाही?

नाही. हे ऐकून धक्का बसतो, पण हेच खरं आहे. आजही सेप्सिसचा उपचार म्हणजे वेळेत योग्य अँटिबायोटिक, सलाइन, बीपी टिकवणारी औषधं, गरज पडली तर ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, डायलिसिस, आणि पू कुठं साठला असेल तर तो काढून टाकणं. शरीराचा बिघडलेला प्रतिकारच ताळ्यावर आणेल असं औषध शोधण्यात तीस-पस्तीस वर्षं गेली आणि बहुतेक प्रयत्न वाया गेले.

एक औषध बाजारात आलंही होतं. झायग्रिस त्याचं नाव. एका मोठ्या ट्रायलच्या जोरावर २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रक्तस्रावाचा धोका होता आणि किंमतही जबर होती, तरी दहा वर्षं ते वापरात राहिलं. मग सेप्टिक शॉकच्या सुमारे १,७०० पेशंटवर पुन्हा ट्रायल झाली. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी २६.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २४.२ टक्के. फायदा दिसलाच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागं घेतलं.

दुसरं उदाहरण व्हिटॅमिन सीचं. २०१७ मध्ये एका दवाखान्यातल्या छोट्या अभ्यासात ते थायमिन आणि स्टेरॉइडसोबत दिल्यावर मृत्यू खूपच कमी झाल्याचं दिसलं. बातम्या झाल्या, ठिकठिकाणी ते वापरायलाही सुरुवात झाली. पण त्या अभ्यासात कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं (चिठ्ठी का लागते ते पुढं सांगितलं आहे). आधीच्या महिन्यांतल्या पेशंटशी नंतरच्यांची तुलना केली होती. २०२२ मध्ये ८७२ पेशंटवर व्हिटॅमिन सीची नीट ट्रायल झाली, तेव्हा ते मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के जण दगावले किंवा त्यांचे अवयव सावरले नाहीत. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होतं. जीवनसत्त्वच ते, त्यानं काय अपाय होणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

म्हणजे तुम्ही आमच्या माणसावर प्रयोग करणार?

हा प्रश्न बरेच जण खालच्या आवाजात विचारतात. मोठ्यानं विचारा, त्यात काही गैर नाही.

हो, ट्रायल हा प्रयोगच असतो. पण तो नेहमीचे उपचार काढून घेऊन होत नाही. अँटिबायोटिक, सलाइन, व्हेंटिलेटर हे सगळं सगळ्यांना मिळतं. तपासली जाते ती त्यावरची एखादी वाढीव गोष्ट, किंवा चालू असलेल्या दोन पद्धतींमधला फरक. सेप्सिसच्या कितीतरी ट्रायलमध्ये नवं औषध नसतंच. सलाइन जास्त द्यायचं की बीपीचं औषध लवकर सुरू करायचं, अँटिबायोटिक सात दिवस की चौदा, असे प्रश्न असतात. ट्रायल नसतानाही एक डॉक्टर सात दिवस देतो, दुसरा चौदा, आणि कोणता बरोबर हे दोघांनाही पक्कं माहीत नसतं. या सात-चौदाच्या वादाचं उत्तर आता मिळालं आहे: रक्तात जंतू सापडलेल्या ३,६०८ पेशंटवर सात देशांत ट्रायल झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला. ९० दिवसांत सात दिवसवाल्या गटातले १४.५ टक्के दगावले, चौदा दिवसवाल्यांतले १६.१ टक्के. कमी दिवसांनी नुकसान झालं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूचे आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले पेशंट त्यात घेतले नव्हते, म्हणून हा निकाल त्यांना लावायचा नाही.

चिठ्ठी टाकून उपचार ठरवता? डॉक्टरांनी ठरवायला नको?

सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा येतो आणि तो मला समजतो. तासगावकडचे द्राक्षवाले पाहुणे असले की मी त्यांना बागेचंच उदाहरण देते. नवं फवारणीचं औषध या वर्षी सगळ्या बागेवर मारलं आणि माल चांगला आला, तर तो औषधानं आला की यंदा अवकाळी झाला नाही म्हणून, हे कसं कळणार? एकाच बागेतल्या काही ओळींवर मारलं, काहींवर नाही, आणि ओळीही आपल्या मर्जीनं निवडल्या नाहीत, तरच फरक कळतो. चांगल्या वेली बघून त्यांच्यावरच औषध मारलं तर हिशेब आधीच खोटा.

डॉक्टरांचंही तसंच होतं. ठरवणं त्यांच्यावर सोडलं तर ज्याला जगण्याची आशा जास्त त्याला ते नकळत नवं औषध देतील, आणि मग औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. म्हणून कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो. हे करायला परवानगी एकाच अटीवर असते: दोन्हींपैकी कोणता उपचार बरा हे जाणकारांनाही खरोखर माहीत नसावं. 'नवं औषध नक्की चांगलं आहे, तुमचं नशीब म्हणून मिळतंय' असं कुणी सांगत असेल, तर तो माणूस तुम्हाला चुकीची माहिती देतो आहे. माझ्या मते अशा वेळी सही करूच नये.

आमच्या पेशंटच्या वाट्याला नुसतं पाणी आलं तर?

काही ट्रायलमध्ये एका गटाला औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली सलाइन देतात. त्याला प्लासिबो म्हणतात. ती नेहमीच्या उपचारांच्या जागी नसते, त्यांच्या जोडीला असते. चालू ट्रायलमध्ये प्लासिबो आहे की नाही, हे माहितीपत्रात, म्हणजे सहीआधी तुम्हाला मिळणाऱ्या ट्रायलच्या माहितीच्या कागदात, लिहिलेलंच असतं.

परदेशात सिद्ध झालेलं इथं पुन्हा कशाला तपासायचं?

कारण तिथलं इथं चालेलच असं नाही. याची किंमत आफ्रिकेतल्या लेकरांच्या उदाहरणावरून कळते. तापानं गंभीर झालेल्या, रक्तप्रवाह मंदावलेल्या मुलांना भराभर सलाइन द्यावं, असं जगभरची पुस्तकं सांगत होती. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर ते तपासलं आणि २०११ मध्ये निकाल आला. भराभर सलाइन मिळालेल्यांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं ४८ तासांत दगावली. तसं न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. व्हेंटिलेटर नसलेल्या, मलेरिया आणि रक्तक्षय असलेल्या त्या मुलांना पुस्तकातला उपचार सोसला नाही. कुणी तपासलंच नसतं तर तो तसाच चालू राहिला असता.

आपल्या देशातही अशी कामं झाली आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. गंभीर स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यावं, अ‍ॅझिथ्रोमायसिन हे द्यावं की दोन्ही, हे भारतातल्या सात केंद्रांत सुमारे ८०० पेशंटवर तपासलं गेलं. २०२३ च्या निकालात मृत्यू, सातव्या दिवशीही टिकून असलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी घडलं ते दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी ३३ टक्क्यांत. एकच औषध मिळालेल्यांत ४७-४८ टक्के. मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट लिहिलं. दोन्ही औषधं जुनी, सगळीकडे मिळणारी. ओडिशात तर खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर ट्रायल झाली. चांगले जंतू आणि त्यांचं खाद्य यांची पूड सात दिवस तोंडावाटे दिली. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हा निकाल २०१७ चा.

आमच्या भागात साखरेचे पेशंट जास्त, शेतातल्या जखमा जास्त, आणि साध्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही जास्त. हे पेशंट ट्रायलमध्ये नसतील तर त्यांच्यासाठीची उत्तरंही कुणाकडे नसतील.

पेशंट बेशुद्ध आहे. सही कोण करणार, आणि तासाभरात कशी करणार?

पेशंट संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तर कायद्यानं मान्य असलेला प्रतिनिधी, बहुधा नवरा, बायको, मुलगा किंवा मुलगी, संमती देऊ शकतो. वाचता-लिहिता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार सगळा वेळ हजर असावा लागतो. नवा रेणू असलेल्या, म्हणजे अगदी नव्या औषधाची ट्रायल असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला, म्हणजे स्वतः मोकळेपणानं निर्णय घेणं अवघड असलेला असेल, तर संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक आहे. पेशंट शुद्धीवर आला की त्याला सगळं सांगून त्याची स्वतःची संमती विचारली जाते. मुलानं दिलेली संमती तो तेव्हा मोडू शकतो.

आता अवघड भाग. सेप्सिसमध्ये वेळ कमी असतो, त्यामुळे तुमच्याकडे चार दिवस नसतात. पण वेळ कमी आहे म्हणून कागद न वाचता अंगठा द्यायचा, असंही नाही. माहितीपत्र मराठीत मिळायला हवं. सीमेपलीकडून आला असाल आणि कन्नड सोयीचं असेल तर कन्नडमध्ये मागा. बऱ्याचदा थोरल्या भावाला किंवा गावाकडच्या मामांना विचारल्याशिवाय घरातली बाई सही करायला कचरते. फोन लावा, स्पीकरवर ठेवा, मी त्यांच्याशीही बोलते. आमच्यातल्या कुणी घाई केली तर सरळ म्हणा, 'डॉक्टर, आम्हाला समजलं नाही, परत सांगा.'

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारतेच: आता मी सांगितलेलं तुमच्या शब्दांत मला सांगा. सांगता आलं नाही तर समजावण्यात मी कमी पडले आहे, आणि तोवर पेन पुढं करणं मला पटत नाही. सही झाल्यावर संमतीपत्राची एक प्रत तुमच्या हातात मिळालीच पाहिजे. ती पेशंटच्या फाइलमध्ये नको, तुमच्या पिशवीत हवी.

नाही म्हटलं तर डॉक्टर दुर्लक्ष करतील का?

करू शकत नाहीत. नकारासाठी कारणही द्यावं लागत नाही. ट्रायलमध्ये गेल्यावरही मध्येच बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार चालूच राहतात. 'साहेबांना वाईट वाटेल' म्हणून होकार देणारी माणसं मी पाहते, आणि तो होकार मला नको असतो.

खर्च कुणाचा?

ट्रायलचं औषध आणि केवळ ट्रायलसाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च सहभागी माणसावर टाकायचा नसतो. आयसीयूचं नेहमीचं बिल वेगळं. ते ट्रायलमुळे आपोआप माफ होत नाही. कोणता खर्च कोण करणार हे लेखी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्रालाही आधीच विचारून ठेवा.

ट्रायलमुळे काही बरं-वाईट झालं तर?

२०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार गंभीर घटना घडल्यास ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांनी २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांना, ट्रायल पुरस्कृत करणाऱ्याला आणि एथिक्स कमिटीला (ट्रायलवर लक्ष ठेवणारी समिती, तिच्याबद्दल पुढं आहे) कळवायचं असतं. इजा झाली तर गरज असेतोवर, किंवा इजा ट्रायलमुळे झालेली नाही हे ठरेपर्यंत, उपचार मोफत. इजा किंवा मृत्यू ट्रायलशी संबंधित ठरला तर भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र आठ लाखांच्या पायावर आहे. त्यात वय आणि ट्रायलमध्ये येताना आजार किती गंभीर होता हे धरून रक्कम ठरते. तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असलेल्यांसाठी मात्र सरसकट दोन लाख. आयसीयूतल्या कामात हा नियम मला बोचतो, पण तो आहे तसा सांगणं माझं कर्तव्य आहे.

एवढं ध्यानात ठेवा की सेप्सिसनं होणारा प्रत्येक मृत्यू ट्रायलमुळे झालेला नसतो. आजारच तसा आहे. कोणता कशामुळे झाला हे ट्रायल करणारा डॉक्टर एकटा ठरवत नाही.

तुमच्यावर लक्ष कोण ठेवतं?

प्रत्येक ट्रायल आधी एथिक्स कमिटीपुढं जाते. तिच्यात किमान सात जण लागतात. त्यात एक सर्वसामान्य माणूस, एक कायद्याचा जाणकार आणि किमान एक स्त्री हवी, आणि निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे. बहुतेक मोठ्या ट्रायलवर आकडे मधून मधून तपासणारी स्वतंत्र समिती असते. नुकसान दिसलं तर ती ट्रायल थांबवायला सांगते.

तुम्हाला स्वतःलाही तपासता येतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीत ट्रायलची नोंद पहिला पेशंट घेण्याआधी व्हावी लागते. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणालाही मोबाइलवर उघडता येते. माहितीपत्रावर नोंदणी क्रमांक नसेल तर मागा. क्रमांक सांगता आला नाही तर सही थांबवा.

घरी आल्यावरही फोन का येतो?

निकाल बहुतेक वेळा २८ किंवा ९० दिवसांवर मोजतात, म्हणून. तो फोन उचला. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला पुढं कित्येक महिने अशक्तपणा, झोप न लागणं, विसरभोळेपणा जाणवू शकतो आणि इन्फेक्शन पुन्हा होण्याचा धोकाही असतो. 'बाबा घरी आले, पण पहिल्यासारखे राहिले नाहीत' हे त्या फोनवर सांगितलं तर ते नोंदलंही जातं आणि पुढचा सल्लाही मिळतो.

आम्ही जत तालुक्यात राहतो. ट्रायल चालू असलेला दवाखाना शोधत थेट मिरजेला यावं का?

नको. ताप किंवा थंडी वाजून येणं, त्यात धाप, बरळणं, लघवी बंद होणं, हातपाय गार पडणं यांतलं काही दिसलं तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जो दवाखाना उघडा असेल तिथं आधी जा. १०८ ला फोन करा. शॉकमधल्या पेशंटला अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात मिळायला हवा, आणि जतहून मिरजेला पोचायलाच त्याहून जास्त वेळ जातो. तिथं सलाइन आणि इंजेक्शन सुरू होऊ द्या, शक्य असेल तर त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायला सांगा, मग पुढं हलवा. निघताना कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, सलाइनच्या किती बाटल्या गेल्या, बीपी किती होतं, हे तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि इथं आल्या आल्या पहिल्यांदा ती चिठ्ठी ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात द्या.